ओनसी मावशी दोरीवर शिवत नाही

ओनसी मावशीसमोर पोट आत ओढून उभं राहायची चूक मी एकदाच केली. सोळा वर्षांची होते, शाळेचा निळा सिन, म्हणजे आमचा कमरेपासून घोट्यापर्यंत नेसायचा कपडा, शिवायला टाकायचा होता. तिनं माझ्या कमरेभोवतीची टेप काढली, स्वतःच्या गळ्यात टाकली आणि स्टुलावर जाऊन बसली.

"श्वास संपला की सांग. मला घाई नाही."

दुकानात आणखी दोन बायका होत्या, त्या फिदीफिदी हसायला लागल्या. मी कानापर्यंत लाल झाले. शेवटी श्वास सोडावाच लागला, पोट होतं तिथे परत आलं, तेव्हा ती उठली.

"हं, आता आली मालाय. मघाशी कोण उभी होती?"

मला तिचा असा राग आला की घरी जाऊन आईला सांगितलं, पुन्हा त्या बाईच्या दुकानाची पायरी चढणार नाही. आई नूडल्सचं पातेलं घासत होती. म्हणाली, "नको चढूस. बाजारातल्या त्या पोरीकडे शिव, आणि देवळात खाली बसताना कमरेचा आकडा तुटून भिक्खूच्या ताटात पडू दे." मी दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं परत गेले.

सिन सरळ उतरतो. कमरेला आकडे, एका बाजूला घडी, आणि खाली घोट्याशी वेगळी विणून जोडलेली पट्टी. त्याला घेर नसतो, त्यामुळे शिवणारीची चूक लपवायला जागाही नसते. नदीकाठच्या आमच्या थाखेक गावात सिन शिवणाऱ्या पंधरा-वीस बायका तरी असतील, पण माप घेणारी एकच, असं मी म्हणते आणि कुणाला भांडायचं असेल तर मी घरीच असते.

तिच्याकडे माप द्यायला उपाशी जायचं नाही. "रिकाम्या पोटाचं माप घेतलं तर भात कुठे घालशील, डोक्यावर?" चपला बाहेर. आधी उभ्यानं कंबर घ्यायची, मग देवळात बसतो तसे पाय एका बाजूला दुमडून चटईवर बसायचं आणि पुन्हा कंबर. दोन्हींत दोन-तीन बोटांचा फरक येतो, आणि तो फरकच सिन शिवतो, असं तिचं म्हणणं. पुठ्ठा, म्हणजे बसायचा भाग, जिथे सर्वांत भरलेला असेल तिथे टेपेच्या आत आपली दोन बोटं घालून माप. उंची दोन्ही बाजूंनी, कारण मूल एकाच कडेवर घेऊन घेऊन बहुतेकींची एक बाजू वर चढलेली असते. खालच्या पट्टीला ती कात्री लावत नाही. जे काही वर-खाली करायचं ते कमरेपाशी, पट्टी मात्र चारी बाजूंनी जमिनीला समांतर राहिली पाहिजे.

आणि मापाचा आकडा ती मोठ्यानं कधीच बोलत नाही. कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून कापडाला टाचणीनं लावते. एकदा एका बाईचा नवरा दुकानात वाट बघत बसला होता. त्यानं बायकोकडे बघत विचारलं, "किती भरली आमची म्हैस?" ओनसी मावशी वळली. टेप घेऊन त्याच्यापाशी गेली, त्याच्या पोटाभोवती फिरवली आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एकशे सात!" मग बायकोकडे वळून तिचं राहिलेलं माप पूर्ण केलं. तो माणूस नंतर कधी तिच्या गल्लीतून गेला नाही.

असा तिचा स्वभाव. नाकावर राग. पण माझ्यात आणि तिच्यात त्या बाबतीत डावं-उजवं करायला जागा नाही, हे माझ्या लग्नात सगळ्या गावानं पाहिलं.

आमच्याकडे लग्नाच्या दिवशी सून सासूला स्वतः विणलेला सिन देते. फुलं आणि मेणबत्त्या हातात धरून, गुडघ्यावर बसून, आजवरच्या आणि पुढच्या चुकांची माफी मागून द्यायचा. सासू तो आत जाऊन नेसते आणि सगळ्यांसमोर येऊन बसते. बसला तर बसला. नाही बसला तर आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणतात, सिन बसला नाही, सूनही घरात बसायची नाही. म्हाताऱ्यांना कामं नसतात, पण त्यांचं बोलणं जन्मभर पुरतं.

माझं लग्न अनुलाकशी ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे आम्ही दोघांनी ठरवलं होतं. त्याच्या आईनं, सिंगखामनं, दुसरीच मुलगी बघून ठेवलेली, जिच्या बापाचे दोन ट्रक होते. माझी आई नूडल्स विकते. सिंगखाम तोंडावर कधी काही बोलली नाही. हसायची, केळी द्यायची. पोटात एक, ओठात एक.

सात महिने मी मागावर बसले होते. किरमिजी रेशीम, आणि खालची पट्टी सोनेरी धाग्याची, जी बोटभर विणायला एक दिवस जातो. लग्नाला तीन आठवडे राहिले तेव्हा अनुलाक मोटारसायकलवरून माप घेऊन आला. माप म्हणजे पांढरी सुती दोरी. टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत कंबर, दुसऱ्या गाठीपर्यंत पुठ्ठा, तिसऱ्या गाठीपर्यंत उंची. मोठ्या माणसांचं माप असंच येतं. होणाऱ्या सासूला उभी करून तिच्या कमरेला टेप लावायची, असा उद्धटपणा आमच्यात कुणी करत नाही, आणि आलेल्या दोरीवर शंका घेणं तर त्याहून मोठा गुन्हा.

"जशी गाठ तसंच शिव, आई म्हणाली," अनुलाकनं सांगितलं आणि तो लगेच गेला.

मी दोरी आणि कापड घेऊन ओनसी मावशीकडे गेले. तिनं कापड उलगडलं, पट्टीवरून हात फिरवला आणि पुन्हा एकदा फिरवला. तिच्याकडून एवढी स्तुती पुष्कळ झाली. मग मी दोरी पुढे केली.

"हे काय?"

"सासूबाईंचं माप."

"मी दोरीवर शिवत नाही. तुला माहीत आहे."

"मावशी, एवढ्या वेळी शिव ना. त्या मोठ्या आहेत, मी कसं सांगू त्यांना—"

तिनं दोरी टेपेवर ठेवली, पहिली गाठ बघितली आणि तिचा चेहरा असा झाला की मी एक पाऊल मागे सरले. "अडुसष्ट," ती म्हणाली. "सिंगखामची कंबर अडुसष्ट? परवा देवळात माझ्या पुढच्या रांगेत बसली होती ती. दोघींची जागा अडवून! ही दोरी त्या बाईची नाही. ही तिच्या मांडीची असेल."

"चुकलं असेल माप घेताना."

"चुकतं एक बोट. दोन बोटं." ती खुर्चीवर बसली. मग तिनं मला जे सांगितलं ते आमच्या गल्लीत सगळ्यांना अर्धवट माहीत होतं. विसाव्या वर्षी ती नदीच्या वरच्या अंगाला एका गावात लग्न होऊन गेली. तिलाही दोरीच आली होती. तिनं स्वतः विणलं, स्वतः शिवलं, गाठीबरहुकूम. सासू नेसून बाहेर आली, खाली बसली आणि पुठ्ठ्यावरची शिवण टरकन उसवली, दीडशे माणसांसमोर. सासूनं दोरीचं नाव काढलं नाही. म्हणाली, "पोरीच्या मनात मी मावतच नाही, सिनात कशी मावेन?" पुढची नऊ वर्षं भात करपला तरी तो सिन निघायचा, डुक्कर आजारी पडलं तरी तो सिन निघायचा. नऊ वर्षांनी तिनं शिलाई मशीन नावेत घातलं आणि थाखेकला परत आली.

"चल," ती म्हणाली आणि टेप गळ्यात टाकली.

"कुठे?"

"तिच्याकडे. उभी राहू दे माझ्यासमोर."

भर उन्हात आम्ही दोघी गेलो. सिंगखाम खांबांवरच्या घराखाली बांबूच्या माचावर बसून कोशिंबिरीसाठी कच्ची पपई कांडत होती. आम्हाला बघून तिनं तोंडभर हसू आणलं. "या, या. एवढ्या उन्हाच्या? पपई खाणार ना? मिरची किती टाकू?"

"पाच टाक," ओनसी मावशी म्हणाली. "पण आधी उभी राहा."

"का गं बाई?"

"माप घ्यायचंय."

"पाठवलंय की."

"ते बघितलं. म्हणून तर आले."

मुसळ थांबलं. "म्हणजे मी खोटं माप पाठवलं?"

"मी असं कुठे म्हटलं? दोरी भिजून आखडली असेल, उंदरानं कुरतडली असेल. तू उभी राहा, दोन मिनिटांचं काम आहे."

"माझे गुडघे धरलेत सकाळपासून."

"मी धरते ना तुला."

सिंगखामनं मुसळ खाली ठेवलं आणि ती माझ्याकडे वळली. आवाज मधासारखा. "मालाय, अजून घरात आली नाहीस, तोवर सासूच्या कमरेला हात घालायला माणसं आणायला लागलीस होय? बरं आहे. आधीच कळलं ते बरं झालं."

माझ्या जिभेवर जे आलं होतं ते मी गिळलं. हात जोडले, मान खाली घातली. आणि त्याच क्षणी ओनसी मावशी, जी आजवर कुणासमोर नमली नव्हती, एकदम मऊ झाली. "बरं बाई, राहिलं. दोरी तर दोरी. पपई दे." तिनं पपई खाल्ली, मिरची कमी आहे म्हणाली, भाताचा गोळा मागून घेतला, तोही खाल्ला. मग आम्ही मागच्या दारानं निघालो, जिथे वाळत घातलेल्या कपड्यांची रांग होती. ती ओल्या कपड्यांतून वाट काढत पुढे, मी मागे. माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

रस्त्यावर आल्या आल्या मी सुटले. "हरलीस तू! सगळ्या गावाला घाबरवतेस आणि तिच्यापुढे शेपूट घातलीस! पपई खात बसलीस! माझं लग्न आहे, माझे सात महिने आहेत—"

"कागद आहे?" तिनं विचारलं.

"कसला कागद?"

"नसेल तर डोक्यात ठेव. कंबर चौऱ्याऐंशी, पुठ्ठा एकशे चार. डावी बाजू एका बोटानं वर." तिनं आपला पंजा ताणून माझ्यापुढे धरला. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत तिची वीत बरोबर एकोणीस सेंटिमीटर भरते, चाळीस वर्षांत तिनं ती हजारदा टेपेवर मोजली आहे. वाळणाऱ्या सिनांतला एक सिंगखामचा रोजचा होता, आणि वाट काढता काढता तिनं तो वितीनं मोजला होता. मी पाठीमागे असून मला दिसलं नाही. "कमरेचे आकडे तीनदा बाहेर सरकवलेत तिनं. जुन्या टाक्यांची भोकं तशीच आहेत. शेवटचे टाके अजून मळलेलेसुद्धा नाहीत. आपलं खरं माप तिला चांगलं माहीत आहे, मालाय."

चौऱ्याऐंशी आणि अडुसष्ट. सोळा सेंटिमीटर! मी रस्त्याच्या कडेलाच थांबले. म्हटलं, "मावशी, मग तू दोरीच्याच मापानं शिव. फाटू दे सगळ्यांसमोर. फाटला की मी दोरी काढून दाखवते आणि सांगते, हे बघा, ही बाई कशी आहे ते."

तेव्हा ती माझ्यावर ओरडली. आजवर ती पुष्कळांवर ओरडली आहे, पण असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही. "मी खोटं शिवत नाही! तिचंही नाही आणि तुझंही नाही! सात महिने विणलंस ते फाडायला? तुला सूड घ्यायचा आहे ना, तर तोंड दिलंय देवानं, तोंडानं घे. कापडावर काढलास तर माझ्या दारात उभी राहू नकोस." एक सायकलवाला थांबून बघायला लागला, त्यालाही तिनं दोन शब्द सुनावले.

तिनं शिवला. दोन्ही बाजूंना भरपूर माया ठेवून, आकड्यांच्या दोन रांगा लावून, डावीकडे कमरेपाशी एक बोट जास्त देऊन. मी लग्नाच्या दिवसापर्यंत कुणाला काही बोलले नाही. अनुलाकलाही नाही. मला वाटलं, त्याला आईबद्दल असलं काही सांगून कशाला दुखवायचं. मी किती मूर्ख होते हे आता लिहायलाही लाज वाटते.

लग्न आमच्या घरी होतं. मंत्र झाले, मनगटांवर पांढरे धागे बांधले गेले, अर्धं अंडं त्यानं मला भरवलं, अर्धं मी त्याला. मग मी गुडघ्यावर बसून सिंगखामपुढे सिन ठेवला, माफी मागितली. तिनं तो उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघू या बाई, सूनबाईनं आम्हाला केवढं समजलंय ते." माझ्या दोन नणंदा बरोबर घेऊन ती माझ्या आईच्या खोलीत गेली. मी शांत होते. तिसऱ्या रांगेत ओनसी मावशी बसली होती आणि तिचं लक्ष फक्त त्या दाराकडे होतं.

दार उघडलं. सिंगखाम बाहेर आली.

असा बसलेला सिन मी आजवर पाहिला नाही. कमरेवर ना चुणी, ना ताण, आणि सोनेरी पट्टी दोन्ही घोट्यांवर एका रेषेत. बायकांच्या घोळक्यातून "अगं बाई!" असा आवाज निघाला. "काय बसलाय! जसा अंगावरच विणलाय!" सिंगखामचं हसू कुठेतरी आतच राहिलं होतं. तिनं बाजूची शिवण दोनदा चाचपली. पाय दुमडून खाली बसली, हळूच, फाटण्याची वाट बघत. काही फाटलं नाही.

आणि माझ्या शेजारी बसलेला अनुलाक माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "बसला कसा?"

क्षणभर मला वाटलं तो कौतुक करतोय. मग मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. ज्याला ती दोरी खरी वाटत होती त्यानं हा प्रश्न विचारला असता का?

"तुला माहीत होतं?" मी म्हटलं.

"हळू बोल."

"तुला माहीत होतं!" मी हळू बोलले नाही. मंत्र म्हणणारे आजोबा वळून बघायला लागले, पेले खाली ठेवले गेले. "दोरी खोटी आहे हे माहीत असून तू ती माझ्या हातात दिलीस?"

त्याचे कान लाल झाले होते. "आई म्हणाली, गप्प बस. एका सिनानं काय होतंय, म्हणाली. नंतर सगळं ठीक होईल."

एका सिनानं काय होतंय! तेव्हा मी सगळं सांगितलं. उभी राहून, नवरीच्या दागिन्यांत, दोनशे माणसांसमोर. दोरी सांगितली, तीन गाठी सांगितल्या, वाळत घातलेला सिन सांगितला. मापाचे आकडे मात्र सांगितले नाहीत, कारण तिसऱ्या रांगेतून दोन डोळे माझ्याकडे रोखलेले होते. आई माझा हात ओढत म्हणत होती, "मालाय, लोक बघतायत." बघू देत! मी आईचा हात सोडवला, चटईवरून उतरले आणि माझ्याच घराच्या दारातून बाहेर पडले. कुठे जायचं हे ठरलं नव्हतं. नदीच्या दिशेला पाय वळले, इतकंच.

अर्ध्या गल्लीपर्यंत गेले असेन, तोच मागे अनवाणी पावलं वाजली. वाटलं, आला. वळून बघितलं नाही. माझ्या मनगटावर हात पडला तो घामेजलेला, जाड, बाईचा.

सिंगखाम होती. अंबाड्यातलं फूल कानावर लोंबत होतं, छाती भात्यासारखी चालली होती. दोरीच्या मापानं शिवला असता तर त्या सिनातून तिला चार पावलं टाकता आली नसती. ओनसी मावशीनं शिवलेल्या सिनातून ती साठ वर्षांची बाई अर्धी गल्ली धावत आली होती.

"मीच केलं," ती म्हणाली. दम खात, माझ्याकडे न बघता. "मला ती दुसरी मुलगी हवी होती. वाटलं, सिन फाटला की तू घरात टिकायची नाहीस. माझं चुकलं गं. चल परत."

"सगळ्यांसमोर म्हणाल?"

तिनं मागे बघितलं. फाटकात अर्धं गाव उभं होतं. तिनं तोंड पुसलं. "म्हणेन."

आणि ती म्हणाली. परत येऊन, फाटकात, आवाज न चोरता. त्या गर्दीत ओनसी मावशी उभी होती. सिंगखामच्या तोंडाकडे नाही, तिच्या पुठ्ठ्यावरच्या शिवणीकडे बघत. "धावलीस ते बरं केलंस," ती म्हणाली. "आता खात्री झाली. उद्या दुकानात ये, आणि पोट भरून ये. चिठोऱ्यावर तुझं नाव नाही अजून." आणि सिंगखाम दुसऱ्या दिवशी गेली, चपला बाहेर काढून.

सासूशी त्यानंतर मी पुष्कळ भांडले. पण त्या गल्लीचा हिशेब मी त्याच दिवशी संपवला. जी चुकते आणि अनवाणी धावत येऊन तसं बोलते, तिच्यावर किती दिवस राग धरायचा?

मी परत घरात शिरले तेव्हा अनुलाक चटईवर होता तिथेच बसलेला होता. उठलासुद्धा नव्हता. मी शेजारी बसले, कारण माझी आई रडत होती आणि मनगटावर धागे होते. त्याला अकरा वर्षं झाली. दोन मुलं आहेत, माणूस कष्टाळू आहे, पीत नाही. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.